दोन ईसा न दोन

नशिराबादच्या नजीर मिस्त्रींची नाजमीन डी.एल.एड.ला गेली, तेव्हा मोहल्ल्यातल्या निम्म्या लोकांनी तिला वेड्यात काढलं. शिक्षक भरती कधी निघेल याचा पत्ता नाही, एक परीक्षा द्या, दुसरी द्या, मग यादीकडे डोळे लावून बसा. त्यापेक्षा नर्सिंग काय वाईट होतं? नजीर मिस्त्री लोकांच्या भिंती बांधणारा, कमी बोलणारा माणूस. विचारणाऱ्याला ते एवढंच सांगायचे, की ही पोर सहा वर्षांची असताना गल्लीतल्या कोंबड्यांना ओळीत बसवून पाढे शिकवत होती. हिला दुसरं काही करायला लावलं तर कोंबड्याच नाराज होतील.

जळगावच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला सगळे डायट म्हणतात. तिथं एका बाजूला नाजमीनसारख्या होऊ घातलेल्या शिक्षकांचा वर्ग चाले आणि दुसऱ्या बाजूच्या सभागृहात जिल्हा परिषदेच्या शाळांतले जुने शिक्षक प्रशिक्षणाला येत. गणिताच्या अधिव्याख्यात्या होत्या हिना ओसवाल मॅडम. धुळ्याच्या कापड दुकानदार शांतीलालजींची ही मुलगी. घरच्यांना वाटलं होतं ही दुकान सांभाळेल, पण ती बसली गणितात आणि मग उठलीच नाही. बोलणं हळू, साडी साधी, आणि कोणी चुकलं की डोळ्यांत चमक येणार.

दुसऱ्या वर्षी सरावासाठी शाळेवर जाण्याआधी मॅडमनी प्रत्येकाला एक कोरी वही आणायला सांगितली.

"ही चुकांची वही," त्या म्हणाल्या. "शाळेत मूल चुकलं की लगेच दुरुस्त करायचं नाही. आधी त्याला विचारायचं, हे तू कसं केलंस? ते जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत इथं लिहायचं. मूल उगाच चुकत नाही. त्याच्या डोक्यात काहीतरी हिशोब असतो. तो सापडेपर्यंत तुम्ही शिकवताय असं समजू नका."

वर्गात खसखस पिकली. नाजमीनलाही मनातून वाटलं, चुका कसल्या जमवायच्या? पण तिनं वहीला कव्हर घातलं आणि वर नाव लिहिलं.

तिला शाळा मिळाली चोपडा तालुक्यातली, सातपुड्याच्या पायथ्याची, हिवरझिऱ्याची. चोपड्यात तिची फुफी, म्हणजे आत्या, रहिमाबी राहायची, त्यामुळे मुक्कामाची चिंता नव्हती. सकाळी फुफीनं दिलेला डबा घेऊन निघायचं, साडेनऊची एस.टी. धरायची, केळीच्या बागांमधून पाऊण तास जायचं आणि फाट्यावर उतरून दीड किलोमीटर चालायचं. चौथीपर्यंतची दोन शिक्षकी शाळा. त्यातली एक जागा दोन वर्षांपासून रिकामी, म्हणून गिरधर पाटील सर एकटेच चारही वर्ग ओढत होते.

गिरधर सरांची नोकरी सव्वीस वर्षांची. माणूस कामसू. शाळेच्या अंगणातली झाडं त्यांनी लावलेली, पोषण आहाराची खिचडी आधी स्वतः चाखून मग पोरांना वाढणार. पण प्रशिक्षण हा शब्द काढला की त्यांचं तोंड कडू व्हायचं. नाजमीननं पहिल्या दिवशी वही दाखवली, तेव्हा ते हसले.

"मॅडम, माझ्या सव्वीस वर्षांत डायटनं मला तेरा प्रशिक्षणं दिली. कधी गठ्ठे, कधी माळा, कधी ज्ञानरचना. आता चुकांची वही. लिहा, लिहा. इथं माल भरपूर आहे."

मग त्यांनी तिला तिसरीच्या मुलांची ओळख करून दिली. शेवटच्या रांगेत खिडकीजवळ एक काटकुळी मुलगी बसली होती. तेल चोपडलेल्या दोन घट्ट वेण्या, नजर बाहेर.

"ही दिपमाला. आजीजवळ राहते. आईबाप गुजरातला कामाला. पोर गुणी आहे, पण गणित नाही. तिच्यामागे वेळ घालवू नका, बाकीच्यांचं नुकसान होतं."

हे त्यांनी तिच्या देखत सांगितलं, पण रागानं नाही. पाऊस किती पडला हे सांगावं तसं सांगितलं. दिपमालानं मान वळवलीही नाही.

पहिल्याच आठवड्यात नाजमीनच्या वहीत दिपमालाची दोन पानं भरली. तोंडी 'बेचाळीस' सांगितलं की ती चोवीस लिहायची. फळ्यावर बेचाळीसातून सतरा वजा करायला दिले की उत्तर लिहायची पस्तीस, सातातूनच दोन काढून. सर फळ्याजवळ उभे राहून म्हणायचे, "दोनातून सात जातात का? नाही जात. मग शेजारच्या घरातून एक उसना आण." सगळी पोरं सुरात म्हणायची, "उसना आण." दिपमालाही ओठ हलवायची, आणि खाली पस्तीस लिहून मोकळी व्हायची.

"हे तू कसं केलंस गं?" नाजमीननं तिच्याजवळ बसून विचारलं. एकदा नाही, पाच-सहा वेळा. दिपमाला पाटीकडे बघत राहायची. वहीत चुका होत्या, पण त्यापुढची जागा कोरीच राहिली.

तिसऱ्या आठवड्यात नाजमीनचा पहिला निरीक्षणाचा पाठ झाला. रात्रभर जागून तिनं काड्यांचे गठ्ठे बांधले होते, रंगीत रबर लावले होते. पाठ सुरू झाला आणि गठ्ठे सुटले, काड्या पांगल्या, पुढची चार मुलं उत्तरं ओरडू लागली आणि मागच्यांनी काड्यांची झोपडी बांधली. दिपमालानं एक काडी घेऊन फरशीच्या फटीतली माती उकरली. सरांनी निरीक्षण वहीत लिहिलं, 'समाधानकारक'. तो शब्द वाचून नाजमीनला रडू आलं. संध्याकाळी फुफीनं ताट वाढून ठेवलं, तरी ती गच्चीवर जाऊन मॅडमना फोन लावून बसली.

सगळं ऐकून घेतल्यावर हिना मॅडमनी विचारलं, "ती पोर काय म्हणते?"

"काही म्हणतच नाही मॅडम. ती बोलतच नाही."

"शाळेत बोलत नाही. दिवसभर तर मुकी राहत नसेल ना. कुठं बोलते ते शोध."

नाजमीनला राग आला. पाठ कसा सुधारायचा ते विचारायला फोन केला, आणि ह्या सांगतात पोरीचा पत्ता काढ. पण सांगणं डोक्यात राहिलं.

शनिवारी सकाळची शाळा होती. पोरांच्या वह्या तपासता तपासता तिची एकची गाडी चुकली. पुढची थेट सहाला. सर मोटारसायकलवर निघून गेले होते. झाडाखाली बसून तिनं डबा खाल्ला, उरलेल्या वह्या उरकल्या आणि ऊन उतरल्यावर गावातून फाट्याकडे निघाली. गावाच्या टोकाला काट्यांचं कुंपण घातलेलं बकऱ्यांचं वाडगं होतं आणि त्याच्या तोंडाशी दिपमाला उभी होती, हातात शेवरीची फांदी. समोर बकऱ्यांचा कळप, बाजूला कमरेवर हात ठेवून तिची आजी, धुरपदाबाई. बकऱ्या सगळ्या गावाच्या. चारायला नेण्याचं काम या दोघींचं.

नाजमीन बाभळीआड थांबली. दिपमाला ओरडून बकऱ्यांना दटावत होती, एकेकीला नावानं हाका मारत होती. हीच ती पोर यावर विश्वास बसेना.

"कितल्या व्हयन्यात वं?" आजीनं विचारलं.

"बठ्ठ्या दोन ईसा न दोन," दिपमाला म्हणाली. "सतरा मजार गयात."

"मंग भाहेर?"

दिपमालानं कळपाकडे पाहिलंसुद्धा नाही. "एक ईस न पाच."

नाजमीननं मनातल्या मनात हिशोब केला. ईस म्हणजे वीस. दोन वीस आणि दोन, म्हणजे बेचाळीस. बेचाळीसातून सतरा आत गेल्या, बाहेर उरल्या पंचवीस. तेच उदाहरण, फळ्यावरचं. पोरीनं ते श्वास घ्यावा तसं सोडवलं होतं.

ती पुढं झाली. दिपमाला एकदम गप्प झाली, पण धुरपदाबाई हसल्या. "ये माय, बस." नाजमीन दगडावर टेकली आणि वही काढायची सोडून आधी बकऱ्यांची नावं विचारू लागली. चंद्री कोणती, भुरी कोणती, कोण मारकी. दहा मिनिटांनी दिपमाला तिच्या शेजारी येऊन बसली. तेव्हा नाजमीननं विचारलं, "भाहेर एक ईस न पाच शेतस, हे तू कसं ओळखलं गं?"

तोडकी-मोडकी का होईना, मॅडम आपल्या बोलीत बोलतात हे ऐकून पोरीला हसू फुटलं. मग तिनं बोटांनी जमिनीवर दोन गोल काढले आणि बाजूला दोन ठिपके दिले.

"ह्या दोन ईसा. ह्या वरन्या दोन. एक ईसमातून सतरा काढ्यात, तीन उरन्यात. वरन्या दोन लिध्यात, पाच व्हयन्यात. न एक ईस तशीच शे."

नाजमीननं तिचा शब्दन्‌शब्द वहीत उतरवला. सहाची गाडी आली तेव्हा ती धावतच फाट्यावर पोचली, आणि गाडीत बसल्यावर पान पुन्हा पुन्हा वाचत राहिली. दोनातून सात जात नाहीत म्हणून मोठा गठ्ठा फोडायचा, हीच तर वजाबाकीची खरी गोम. पोर तो गठ्ठा रोज फोडत होती. फक्त तिचा गठ्ठा दहाचा नव्हता, विसाचा होता. आणि चोवीस का लिहिते तेही उलगडलं. 'बेचाळीस' म्हणताना 'बे' आधी ऐकू येतो, म्हणून ती आधी दोन लिहायची. तिच्या घरची मोजणी मात्र मोठं आधी सांगायची, दोन ईसा, मग न दोन. कागदावर आपण लिहितोही तसंच, मोठं आधी. घरातली रीत पाटीला जास्त जवळची होती, आणि तीच शाळेच्या दाराबाहेर उभी होती.

सोमवारी परिपाठ संपल्या संपल्या तिनं सरांना वही दाखवली. त्यांनी पान वाचलं. चेहरा बदलला, पण तिला वाटलं होतं तसा नाही.

"आता पोरांना ईसानं मोजायला शिकवायचं? शाळेत? अडाणी माणसांची मोजणी आहे ती मॅडम. त्यातून बाहेर काढायला तर आपण इथं बसलोय."

"सर, ईस शिकवायची नाही. ती तिला येतेच. तिथून दहावर आणायचं."

"पुस्तकात आहे का?"

"नाही."

"मग झालं तर." त्यांनी वही मिटली. ते एवढे कधी तुटक बोलत नसत. नाजमीन तशीच उभी राहिली. तिचे गुण त्यांच्या हातात होते. वडील इथं असते तर म्हणाले असते, मोठ्यांशी वाद घालू नये. पण डोळ्यासमोर ते जमिनीवरचे दोन गोल होते.

"सर, मला एक तास द्या. फक्त एक."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "तुमच्या मॅडम शुक्रवारी निरीक्षणाला येणार ना? त्याच दिवशी घ्या. जमलं नाही तर माझ्यावर खापर नको."

तीन दिवस हातात होते. नाजमीननं गठ्ठे बांधले नाहीत, रंगीत काही केलं नाही. ती धुरपदाबाईंकडे गेली आणि म्हणाली, "अक्का, शुक्रवारी शाळेत या."

"मी शायमा काय करू? माले सही बी येत नही."

"सही नको. चिंचोके मोजून दाखवा."

धुरपदाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की ही पोर ठिकाणावर आहे ना. पण शुक्रवारी त्या आल्या. धुवट लुगडं नेसून, ओच्यात चिंचोके घेऊन, दाराशी चपला काढून. हिना मॅडम चोपड्याहून केंद्रप्रमुखांच्या गाडीतून आल्या होत्या आणि मागे मुलांमध्ये सतरंजीवर बसल्या होत्या. सर दाराला टेकून उभे, हाताची घडी.

 नाजमीननं फरशीवर खडूनं मोठं वाडगं काढलं. "आजी आपल्या बकऱ्या मोजणार आहेत," ती म्हणाली. पोरं खिदळली, कारण बकऱ्या म्हणजे चिंचोके होते. धुरपदाबाई खाली बसल्या. मुठीतून चार-चार सोडत, ओठ पुटपुटत, त्यांनी ढीग लावले. एक ईस. दुसरी ईस. वर दोन.

"कितल्या?" नाजमीननं विचारलं.

सगळा वर्ग म्हणाला, "दोन ईसा न दोन." आणि मग सगळे थबकून सरांकडे बघू लागले. असं शाळेत बोलायचं नसतं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, पण ठाऊक होतं. नाजमीननं पुढचा प्रश्न टाकला.

"एका ईसमध्ये दहा-दहाचे किती ढीग?" मुलांनी झटपट ढीग फोडले. दोन. "मग दोन ईसा म्हणजे दहाचे किती?" चार. "चार दहा न दोन. आता पाटीवर कोण लिहितं?"

पुढच्या रांगेतले हात वर गेले. नाजमीननं खिडकीकडे पाहिलं. दिपमालाचा हात अर्ध्यावर होता, जाऊ की नको असा. "ये," ती म्हणाली.

दिपमाला फळ्याशी आली. आजीकडे एकदा बघितलं. मग चार लिहिला, त्याच्या शेजारी दोन. नाजमीन म्हणाली, "याला शाळेत बेचाळीस म्हणतात." दिपमाला पुटपुटली, "बेचाळीस," आणि त्या आकड्याकडे अशी बघत राहिली, जणू ओळखीचं माणूस नव्या कपड्यात भेटलं.

"आता सतरा वाडग्यात गेल्या." चिंचोके सरकले. दहाचा एक ढीग फोडला, एक अख्खा ढीग उचलला. फळ्यावर तेच लिहिलं गेलं, चाराचे तीन झाले, दोनाचे बारा झाले. उत्तर आलं पंचवीस. दिपमालानं ते स्वतः लिहिलं आणि आजीला सांगितलं, "एक ईस न पाच, आजी. आसं लिखतस."

तेवढ्यात दारातून सरांचा आवाज आला. "थांबा. हे पाठ करून घेतलेलं असेल. दिपमाला, मी सांगतो ते कर. एकसष्टातून अडतीस."

 तेवढे चिंचोके समोर नव्हते. शिवाय 'एकसष्ट' शब्दात एक आधी येत होता.  दिपमालाचा चेहरा परत तसाच, बंद झाल्यासारखा. नाजमीननं तोंड उघडलं, तोच मागून हिना मॅडमनी मान हलवून तिला थांबवलं.

 मग दिपमालानं हळूच विचारलं, "एकसष्ट म्हंजे तीन ईसा न एक ना, सर?"

सरांनी हाताची घडी सोडली. "हा," ते म्हणाले. "तीन ईसा न एक."

पोरीनं फळ्यावर सहा लिहिला, एक लिहिला. खाली अडतीस. ओठ हलत होते, बोटं हवेत ढीग लावत होती. मग सहाचे पाच केले, एकाचे अकरा केले. आधी तीन लिहिले, मग डावीकडे दोन. तेवीस. खडू खाली ठेवून ती सरांकडे वळली.

गिरधर सर दारातून आत आले. फळ्यापर्यंत गेले, तेवीसवर बोट ठेवलं, जणू खडू ओला आहे का बघत होते. मग सव्वीस वर्षांत त्या वर्गात कोणी पाहिलं नसेल असं त्यांनी केलं. ते मुलांच्या सतरंजीवर, धुरपदाबाईंच्या समोर मांडी घालून बसले.

"मना बाप बी ईसमाच मोजे," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "पहिलीत मी गुरुजींना सांगितलं होतं, आमच्याकडे तीन ईसा कोंबड्या आहेत. गुरुजींनी मला अंगठे धरून उभं केलं, आणि सगळी शाळा हसली. त्या दिवसापासून मी ईस म्हणायचं सोडलं. आणि ह्या पोरांना..."  त्यांनी दिपमालाच्या डोक्यावर हात ठेवला. "हुशार शे मनी पोर," ते म्हणाले, आणि दिपमाला इतकी लाजली की धावत जाऊन आजीच्या पदराआड बसली.

धुरपदाबाईंना फळ्यावरचं काही कळत नव्हतं, पण नातीनं मास्तरला हरवलं एवढं कळलं होतं. त्या उठून चिंचोके ओच्यात भरू लागल्या, तर सगळी पोरं म्हणाली, आजी, राहू द्या, आम्हाला मोजायचे आहेत.

पाठानंतर नाजमीनला वाटलं होतं, मॅडम आता आपली पाठ थोपटतील. मॅडमनी थोपटलीही, पण लगेच सरांकडे वळल्या. "सर, ही नाजमीन वर्ष संपलं की शाळा सोडून जाईल. हे काम तुमच्याशिवाय पुढं जायचं नाही. डायटला या. तुमच्यासारख्या माणसानं शिक्षकांपुढं उभं राहायला हवं."

"मी?" सर म्हणाले. "मी तर तुमच्या तेरा प्रशिक्षणांत मागच्या बाकावर झोपणारा."

"माहीत आहे. त्यातली चार मीच घेतली होती. आम्ही तरी तुम्हाला कधी विचारलं, तुमच्याकडे कसं मोजतात?"

मग कामाचे दिवस सुरू झाले. शाळा सुटल्यावर सर आणि नाजमीन बसत, एकेका मुलाची चूक आणि त्यामागचं सांगणं लिहून काढत. महिन्याला दोनदा जळगावला डायटमध्ये जात. तिथं मॅडम प्रत्येक वाक्याला खोडरबर लावत. कुठं पोरगा घराचं मोजमाप हातानं करतो, कुठं पोरगी केळीच्या फण्या जोडीनं मोजते. सुरुवातीला हिवरझिऱ्याच्या तिसरी-चौथीच्या एकोणीस मुलांपैकी सहाजणांना हातच्याची वजाबाकी येत होती. फेब्रुवारीच्या शेवटी केंद्रप्रमुखांनी स्वतः पेपर काढून तपासले. सतराजणांना आली. उरलेल्या दोघांपाशी सर रोज मधल्या सुट्टीत बसू लागले, आणि कोणी विचारलं तर म्हणायचे, अजून त्यांचा हिशोब मला सापडला नाही.

मार्चमध्ये धुळ्याला दोन्ही जिल्ह्यांतल्या शिक्षकांची गणित परिषद भरली. एरंडोल, पारोळा मागे टाकत गाडी धुळ्याकडे चालली होती, तेव्हा सर खिडकीजवळ बसून आपलं भाषण पुटपुटत होते आणि नाजमीन त्यांना पाणी देत होती. सभागृहात तीनशे माणसं होती. आधी नाजमीन बोलली. माईक तिच्या तोंडाच्या उंचीला येईना, तर तिनं तो हातात धरला आणि दिपमालाचं वजाबाकीचं सांगणं जसंच्या तसं वाचून दाखवलं. सभागृहात कुणीतरी हसलं. मग मात्र लोक लिहून घेऊ लागले.

साक्री भागातून आलेले एक शिक्षक उठले, अभिमन सर. "तुमचं छान आहे," ते म्हणाले. "पण आमच्या पाड्यांवर पोरं घरी मावची बोलतात, भिल्ली बोलतात. तुमची ईस आमच्या काय कामाची?"

नाजमीननं उत्तर शोधायला कागद चाळला. तेवढ्यात गिरधर सर माईकशी आले. पाठ केलेलं भाषण त्यांच्या खिशातच राहिलं.

"काहीच कामाची नाही," ते म्हणाले. "ईस नका घेऊ. तुम्ही फक्त तुमच्या पोराच्या घरी जा. तिथं आई भाकरी कशा मोजते, बाप कोंबड्या कशा मोजतो ते बघा. मी सव्वीस वर्षं गेलो नाही. आणि खरं सांगू का, मला जायची गरजच नव्हती. मी त्याच घरातून आलो होतो. इथं बसलेल्यांपैकी कितीजणांच्या घरी ईसानं मोजत होते? जरा हात वर करा."

एक हात वर आला, मागच्या रांगेतून. मग दुसरा. मग खुर्च्या कुरकुरू लागल्या आणि हात येत राहिले, पांढऱ्या केसांचे, बांगड्यांचे, घड्याळांचे. निम्म्याहून जास्त सभागृहानं हात वर केला होता. लोक एकमेकांकडे बघत होते, हसत होते. कुणी म्हणत होतं, मना आबा तर शेंगा बी ईसनीच मोजे. ज्या गोष्टीची आयुष्यभर चोरी वाटली, ती शेजारच्याच्याही घरी निघाली होती. अभिमन सरांनी हात वर केला नाही, पण खाली बसताना ते म्हणाले, "आमच्या पाड्यावर कसं मोजतात ते मला ठाऊक नाही, हे आज कळलं. बघून येतो." टाळ्या पडल्या त्या त्यांच्यासाठीही. नाजमीन मागच्या भिंतीला टेकून उभी होती. हिना मॅडमनी तिचा हात घट्ट दाबला, आणि तिच्या लक्षात आलं की मॅडमचे डोळे भरले आहेत.

उन्हाळ्यात डायटनं पुढच्या वर्षाच्या प्रशिक्षणाची पुस्तिका तयार केली. तिच्यात चुकांच्या वहीसाठी एक पूर्ण दिवस होता, आणि अट अशी, की प्रशिक्षणाला येणाऱ्या प्रत्येक शिक्षकानं आधी एका मुलाच्या घरी जाऊन यायचं. नाजमीन परीक्षेत संस्थेत पहिली आली. भरती निघेपर्यंत मॅडमनी तिला प्रशिक्षणाच्या गटात घेतलं. नजीर मिस्त्रींनी निकालाचा कागद कामावर नेला आणि विटा वाहणाऱ्या माणसांना थांबवून थांबवून दाखवला.

जुलैमध्ये जळगावच्या सभागृहात पहिली तुकडी बसली. फळ्यावर तज्ज्ञ मार्गदर्शकांची नावं होती. गिरधर पाटील, नाजमीन शेख, आणि सगळ्यांत वर, नाजमीनच्या अक्षरात, श्रीमती धुरपदाबाई. त्या पहिल्यांदा जळगावला आल्या होत्या. दिपमाला त्यांच्या शेजारच्या खुर्चीत पाय हलवत बसली होती. चाळीस शिक्षक-शिक्षिका जमिनीवर चिंचोक्यांचे ढीग लावत होते आणि धुरपदाबाई मधून फिरत होत्या, पाठीमागे हात बांधून, थेट शिक्षणाधिकाऱ्यासारख्या.

एका टक्कल पडलेल्या गुरुजींच्या ढिगापाशी त्या थांबल्या. वाकून बघितलं. बोटानं चिंचोके भराभर सारून मोजले.

"ही ईस नही व्हयनी," त्या म्हणाल्या. "अठराच शेतस. परत मोज भाऊ, घाई नको करू."

गुरुजींनी मान डोलावली आणि पहिल्यापासून मोजायला घेतलं.